जिन्यातली कमाई

कुठल्याही हॉटेलात उतरलो की माझी बायको माझ्यापासून जरा लांब जाऊन उभी राहते. तिला पुढचं सगळं पाठ असतं. आता हा बॅग आणणाऱ्या माणसाला नाव विचारणार, गाव विचारणार, मग खिशातून नोट काढून त्याच्या हातात देणार, आणि दिल्यावर पटकन तोंड फिरवणार. "द्यायचे तर द्या आणि मोकळे व्हा ना, मुलाखत कसली घेता?" असं ती म्हणते. तिचं काही चूक नाही. पण टिप देण्याघेण्याचं माझं सगळं शिक्षण यवतमाळच्या एका लॉजच्या जिन्यात झालं, आणि तिथले मास्तर अंमळ विक्षिप्त होते.

मुकुटबनहून मी परीक्षांचा अभ्यास करायला यवतमाळला आलो होतो. अभ्यासाच्या आधी पोटाची सोय बघावी लागली, म्हणून बसस्टँडच्या मागे एका लॉजवर काउंटरला बसलो. पहिल्याच दिवशी बंडी घातलेला, खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक उंच, वाळकुडा माणूस दाराशी बाकड्यावर बसलेला दिसला. मी त्याला म्हटलं, "काका, रिकामे बसण्यापेक्षा वरच्या खोलीत पाण्याचा जग द्या नं." तो मुकाट्यानं उठला आणि जग देऊन आला. खोल्यांची कामं करणारा गजानन कोपऱ्यात डोळे फाडून बघत होता. जवळ येऊन तो कानात म्हणाला, "साहेब, मालक हायेत ते."

मी घाबरून उभा राहिलो. मालक परत येऊन बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "बस, बस. काम बराबर सांगतलं तू. आवाज फक्त थोडा नरम ठेव." त्या दिवसापासून मला त्यांनी 'मॅनेजर' म्हणायला सुरुवात केली. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

लॉज मालकांचंच होतं, शिवाय त्यांच्या बंजारा तांड्याजवळ ओलिताची शेती होती. कशाची ददात नव्हती. तरी बस लागली आणि बॅगेची चाकं दारात वाजली की हा माणूस बाकड्यावरून झेप घ्यायचा. गिऱ्हाइकाच्या हातातून बॅग घ्यायचा, खांद्यावर टाकायचा आणि जिना चढायचा. बॅगेला चाकं असली तरी खांद्यावरच. खाली येताना चेहरा असा फुललेला असायचा की काही मिळालं की नाही हे विचारावं लागत नसे. मिळालेली नोट बंडीच्या आतल्या खिशात जायची आणि तिथून थेट बाजारात. त्या पैशांचे ते बायकोसाठी, म्हणजे आमच्या काकूंसाठी, आलुबोंडे आणायचे. लॉजच्या पैशांतून आलुबोंडा त्या घरात कधी आला नाही. काकू लॉजच्या मागेच राहायच्या. पुडा सोडताना त्या हमखास विचारायच्या, "आज कोनाची बॅग खाऊन राह्यलो आपन?"

मी एकदा धीर करून विचारलंच. "मालक, तुम्हाला काय कमी आहे? हे कशाला?"

"लॉज बापानं बांधलं," ते म्हणाले. "वावर आज्यानं घेतलं. बायको याडीनं पाहून देली. माह्या हातानं मी काय कमावलं, सांग बरं? हे. अन् आमच्या खानदानाचा धंदाच हाय ना हा बाप्पा. आज्याचा बाप बैलायवर दुसऱ्याचं मीठ वाहून मुलूख हिंडला. मी फक्त जिना चढतो."

आईला ते याडी म्हणायचे. घरात त्यांची बोली वेगळी, काउंटरवर वऱ्हाडी, आणि नागपूरकडचा साहेब आला की ठसकेबाज हिंदी. टिप मात्र तिन्ही भाषांत एकाच पद्धतीनं घ्यायचे.

ती पद्धत त्यांनी आम्हाला अगदी कवायतीसारखी शिकवली होती. बॅग ठेवायची, पंखा लावायचा, गरम पाण्याचा नळ कुठला ते दाखवायचं, आणि वळायचं. "उभं राह्यलं का ते मांगनं झालं. मांगनं येगळं अन् टिप येगळी." गिऱ्हाइकानं हाक मारली तरच थांबायचं. नोट दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची, पण तिच्याकडे बघायचं नाही. दहाची असो की शंभराची, चेहरा सारखाच राहिला पाहिजे. "मानूस आपला चेहरा पाहून राह्यला असते," ते म्हणायचे. "कमी दिसली म्हनून तू तोंड पाडलं, तर तो बिचारा रात्रभर झोपनार नाही अन् सकाळी दुसऱ्या लॉजवर जाईन."

स्वतः देतानाही त्यांचे नियम कडक होते. एकदा आम्हा सगळ्यांना त्यांनी गावातल्या मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं. बिल आलं, सोबत बडीशेपेची ताटली आली. मी शहाणपणा करून उरलेले सुट्टे त्या ताटलीत ठेवायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. "कबुतरायले दाने टाकून राह्यला का?" वाढप्याला बोलावलं, नाव विचारलं, गाव विचारलं, वरण छान होतं असं सांगितलं आणि मग नोट त्याच्या हातात दिली. लगेच मान फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. आपण बघत राहिलो तर त्याला धड आनंदही करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

नेमके त्याच सुमाराला सगळीकडे स्कॅनर आले. लोकांच्या खिशातल्या नोटा गेल्या, आणि 'सुट्टे नाहीत' हे उत्तर खोटं राहिलं नाही. गजाननच्या टिपेवर चांगलीच कुऱ्हाड कोसळली. त्यानं युक्ती केली, आपल्या खात्याचा स्कॅनर छापून खोल्यांच्या दारामागे चिकटवला. मालकांनी तो दिसेल तिथून नखानं खरवडून काढला. "हा भिंतीले चिकटवलेला हात हाय बे! मानूस आंघोळीले जाईन तरी ह्यो हात पसरूनच." गजानन चिडला. चिडण्याचा त्याला हक्कच होता, कारण घर टिपेवर चालायचं ते त्याचं, मालकांचं नव्हे.

त्या रागात त्यानं मनातलं सगळं ओकून टाकलं. "मालक, तुमी हौसेनं बॅगा उचलता. पन तुमी उचललेली एक एक बॅग माह्या लेकरायच्या तोंडातून जाते, समजते का?"

मला वाटलं, आता गजाननची नोकरी गेली. पण संध्याकाळी त्यांनी तोडगा काढला. सढळ हाताची गिऱ्हाइकं सगळी गजाननची. चिकट गिऱ्हाइकं, ज्यांच्याकडून गजाननला आजवर छदामही सुटला नव्हता, ती मालकांची. गिऱ्हाईक दारात शिरलं की गजानन त्याला डोक्यापासून चपलेपर्यंत बघायचा. चिकट वाटला की हळूच म्हणायचा, "मालक, तुमचं आलं." ते खूश, गजाननही खूश.

आता चिकट माणसाचा खिसा उघडायचा म्हणजे काही कला हवी. मालकांनी ती कला शोधून काढली, आणि तिथेच पुढच्या सगळ्या रामायणाचं बी पडलं. जिना चढताचढता ते लॉजच्या मालकाच्या नावानं खडे फोडायला लागायचे. "काय सांगू साहेब, लय चिकट मालक हाय आमचा. पगाराच्या नावानं बोंब. चहात साखर टाकाले याचा जीव जाते." चिकट माणसाला आपल्याहून चिकट माणूस भेटला की त्याला फार उदार वाटायला लागतं. खाली काउंटरवर मला सगळं ऐकू यायचं आणि हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची. स्वतःबद्दल इतकं वाईट, इतक्या प्रेमानं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका दुपारी दिग्रसच्या गाडीनं एक गृहस्थ उतरले. कापडी पिशवी, पत्र्याची जुनी पेटी, झिजलेली चप्पल. खोलीच्या भाड्यावरून माझ्याशी हुज्जत घातली, गरम पाण्याचे पैसे वेगळे घेणार का ते दोनदा विचारलं. गजाननने लांबूनच निकाल दिला, "मालक, तुमचं. एक नंबर." मालकांनी पेटी खांद्यावर घेतली.

ते बराच वेळ खाली आले नाहीत. आले तेव्हा पाचशेची कोरी नोट कपाळाला लावत आले. इतकी मोठी टिप त्यांना जन्मात मिळाली नव्हती. "बाप्पा, देवमानूस हाय वरचा! दिसते तसा नाही. स्वतःहून विचारलं, मालक कसा हाय म्हने. मग मी काही कसर ठेवली नाही. म्हटलं, मालकाले निरा पैसा दिसते. उद्या पोरीचं लगन निघालं तर पाव्हन्यायले अर्ध्या पोटानं उठवीन. डोळ्यात पानी आलं त्याच्या! म्हने, दिग्रसले ये, माही जिनिंग हाय, तिथं ठेवतो तुले. दोन टाइम पोटभर जेवाले भेटीन म्हने."

त्या दिवशी आलुबोंडे सगळ्या लॉजला मिळाले. गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेले.

मालकांची एकुलती एक मुलगी, आम्ही तिला ताई म्हणायचो, यवतमाळच्याच कॉलेजात शिकवत होती. वडिलांनी बॅगा उचललेल्या तिला मुळीच आवडत नसे. तिचे विद्यार्थी बसस्टँडवरून जायचे, त्यांच्यासमोर बाप बंडीवर जिना चढताना दिसला की ती मान खाली घालून मागच्या दारानं घरात जायची. पण बापावर जीवही तितकाच होता. त्यांच्या गुडघ्याला तेल चोळून द्यायची ती, आणि चोळताना भांडायचीही.

गृहस्थ जाऊन आठवडा झाला असेल. ताई भर दुपारी कॉलेज सोडून काउंटरवर आली. रडून डोळे सुजले होते. मी, गजानन आणि बाकड्यावर मालक, एवढेच होतो.

"कोन बोललं?" तिनं विचारलं. "लॉजवरचं कोन बोललं बाबाबद्दल?"

कुणाला काही कळेना. मग ती खाली बसली आणि सगळं सांगत गेली. तिच्याबरोबर शिकलेला एक मुलगा होता, दिग्रसचा, त्यांच्याच समाजातला. दोघांचं लग्न करायचं ठरलं होतं. तिनं फक्त काकूंच्या कानावर घातलं होतं. मुलानं घरी सांगितलं, तेव्हा त्याचे वडील म्हणाले, आधी मी गुपचूप जाऊन घर कसं आहे ते बघून येतो, मग रीतसर मागणी घालू. ते आले, राहिले, चौकशी केली आणि घरी जाऊन साफ नाही म्हणाले. "त्याइच्याच जुन्या नोकरानं सांगतलं म्हने, मानूस लय हलकट हाय. नोकरायले उपाशी ठेवते. असा सोयरा नको आपल्याले."

तिनं गजाननकडे बघितलं. "गजाननभाऊ, तुमी?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मी मालकांकडे. त्याला खरं काय ते माहीत होतं, तरी तो बोलला नाही. बिचारा शिव्या खायलाही तयार झाला होता, असं मला आजही वाटतं.

"त्याले नोको विचारू," मालक म्हणाले. "मी बोललो."

ताईला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, काहून?" एवढंच. आणि आत निघून गेली. मालक कितीतरी वेळ त्या दाराकडे बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही एसटीनं दिग्रसला गेलो. इस्त्रीचा पांढरा सदरा, धोतर, डोक्याला टोपी. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. ते पत्र्याच्या पेटीवाले गृहस्थ, म्हणजे जिनिंगचे शेठ, ऑफिसच्या पायरीवर उभे होते. त्यांनी आम्हाला लांबून ओळखलं आणि चेहरा खुलला.

"आला का तू! वा! कपडे बी नवे घालून आला. अरे, याले चहा आना रे कोनी. बस, बस."

मालक बसले नाहीत. "शेठजी, मी नोकर नाही. त्या लॉजचा मालक मीच हाय. जे बोललो ते माह्याच बाबतीत बोललो. लोकायच्या बॅगा उचलाची हौस हाय मले, अन् मालकाले शिव्या देल्ल्या का टिप जास्त भेटते. बस एवढंच खरं हाय. बाकी सगळं खोटं. माह्या पोरीचं यात काही नाही."

चहा आला तो तसाच राहिला. मग शेठनी मला विचारलं, "खरं हाय का हे?" मी म्हटलं, खरं आहे. लॉजवर कोणी कधी उपाशी राहिलं नाही, उलट यांच्या टिपेचे आलुबोंडे खाऊन आमची पोटं बिघडली आहेत.

"अन् माहे पाचशे?" शेठ म्हणाले.

"खाल्ले," मालक म्हणाले.

शेठना हसू फुटलं. असे हसले की खुर्चीत बसावं लागलं. मलाही वाटलं, जमलं. पण हसणं ओसरलं तसा त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. ते म्हणाले, "पोरगी चांगली हाय, मले ठाऊक हाय. पोरगं तर ऐकतच नाही. पन एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. आपल्या बापजाद्यायनं दुसऱ्याचं ओझं वाहून जिंदगी काढली. त्याइच्या मेहनतीनं आता कुठं आपल्याले खुर्ची भेटली. माह्या पोराचा सासरा जिन्यात बॅगा उचलते अन् टिप घेते, हे मी चारचौघात कोनत्या तोंडानं सांगू? हे बंद करा. मंग माही ना नाही."

मालकांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "केलं बंद," म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की शेठनाही विशेष वाटलं नसावं. परतीच्या गाडीत मात्र आर्णी आल्यावर ते हळूच म्हणाले, "पोरीले सांगू नोको. तिले वाटंन आपल्यापायी सोडलं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्यानं नोकरी देतो म्हटलं ना तवा, मॅनेजर, मले लय बरं वाटलं होतं. मालक म्हनून कोनी असं कदी बोलावलं नाही मले."

लग्न थाटात झालं. पाहुणे अर्ध्या पोटी उठायचा प्रश्नच नव्हता, उठता येत नव्हतं इतकं वाढलं. ताईला वाटलं बाबांना अखेर वयाची जाणीव झाली. ती मला म्हणाली, "बरं झालं, बाबानं स्वतःहून सोडलं ते." मी हो म्हटलं.

त्यानंतर मालक सदरा घालून काउंटरमागे माझ्या शेजारी बसायला लागले. बस लागली, चाकं वाजली की त्यांचा उजवा हात आपोआप टेबलावर यायचा आणि ते अर्धवट उठायचे. मग पाणी प्यायचं निमित्त करून पुन्हा बसायचे. चिकट गिऱ्हाईक आलं की गजानन सवयीनं त्यांच्याकडे बघायचा आणि लगेच नजर दुसरीकडे वळवायचा. ते आलुबोंडेही बंद झाले. काकूंनी एकदा लॉजच्या गल्ल्यातून पैसे घेऊन आणवले, पण मालकांनी एक घास खाल्ला आणि पुडा बाजूला सारला. मला तिथे बसवेनासं झालं होतं. नोकरी लागून मी अकोल्याला गेलो, तेव्हा खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

मध्ये काही वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्तानं यवतमाळला गेलो आणि साहजिकच लॉजवरच उतरलो. मालक काउंटरमागेच होते, बरेच थकलेले. दोन्ही गुडघे गेलेले, बसल्या जागेवरून काठीशिवाय उठता येत नव्हतं. मला बघून मात्र आवाज तोच. "ये मॅनेजर! साहेबानं सुट्टी देली का तुले?" शेजारच्या खुर्चीत दिग्रसचे शेठ बसले होते. डोळे दाखवायला यवतमाळला आले की व्याह्यांकडेच मुक्काम असायचा त्यांचा. दोघांची गट्टी चांगली जमलेली दिसली.

ऊन कलायला लागलं होतं. बस लागली आणि एक फिरता औषधविक्रेता दारात आला, हातात चाकांची जड बॅग. गजानन वर जेवणाचे डबे द्यायला गेला होता. मालकांचा हात टेबलावर आला. ते अर्धे उठले, आणि कळ लागून तसेच खाली बसले.

शेठ ते बघत होते. "सकाळपासून पाहून राह्यलो मी," ते म्हणाले. "आवाज आला का तुमचा जीव दारात जाते." मग म्हणाले, "व्याही, माह्या पोराले आता पोरगा झाला. कोनाले काय सांगाचं, ती गोष्ट संपली आता. उचला ती बॅग तुमी. माही काही ना नाही."

मालक हसले. "आता काय उचलतो बाप्पा. गुडघे ऐकत नाही."

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. औषधविक्रेता ताटकळत उभा होता. मी पुढे होणार तेवढ्यात शेठ उठले. पांढरंशुभ्र धोतर एका हातानं आवरलं, दुसऱ्या हातानं ती बॅग उचलली आणि जिना चढायला लागले. औषधविक्रेता "अहो, राहू द्या, राहू द्या" करत त्यांच्यामागे धावला. वरच्या वळणापर्यंत त्यांची धाप आम्हाला खाली ऐकू येत होती. मालक काठीवर हनुवटी टेकून कान देऊन बसले होते.

शेठ खाली आले ते एका वेगळ्याच चेहऱ्यानं. कपाळावर घाम, टोपी तिरकी, आणि मूठ घट्ट मिटलेली. आमच्यासमोर त्यांनी ती उघडली. पन्नासची नोट होती, चुरगळलेली.

"त्यानं देली," ते म्हणाले, जणू कुणी त्यांच्यावर आळ घेतला होता. "मी मांगतली नाही."

"ठाऊक हाय मले," मालक म्हणाले.

शेठनी नोट त्यांच्यापुढे धरली. मालकांनी मान हलवली. "ते तुमचे हायेत. घरी जाताना सुनेले काही खाले नेजा." शेठनी नोट सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवून तसेच उभे राहिले. त्या दोन म्हाताऱ्यांवर इतकी माया मला कधी वाटली नव्हती.

मालकांनी काठीनं दाराजवळचं बाकडं दाखवलं.

"बसा तिथं," ते म्हणाले. "पुसदची गाडी यायची हाय अजून."